चिचेचं गाव, मोहाचं गाव

आमच्या स्वयंपाकघरात किस्से सांगायला मुद्दाम बसावं लागत नाही. तांदूळ निवडायला हात लागतात, नजर लागते, तोंड मात्र मोकळंच राहतं. एटापल्लीच्या आश्रमशाळेतल्या एवढ्या लेकरांचा तांदूळ रोज निवडायचा म्हटल्यावर आमची तोंडं किती वेळ मोकळी असतील, याचा अंदाज करा. एकीचा किस्सा संपत नाही तोवर दुसरीला तसाच आठवतो, आणि तिसरी म्हणते, "हे तर काईच नाई." सोळा वर्षांत असे किती साचले, ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. आज फक्त गावांच्या नावांचे सांगते.

आम्ही स्वयंपाकिणी तिघी. मी आरमोरीची. राजक्का सिरोंच्याची, घरी तेलुगू बोलणारी, वयानं मोठी म्हणून सगळ्यांची अक्का. आणि बुधरी, एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या इरुकनार गावची, गोंडी बोलणारी, कमी बोलणारी. चौथे गुरनुले बाबू. ते ऑफिसातले क्लार्क, पण दिवसातून चारदा चहाला आमच्याकडे, म्हणून त्यांनाही आमच्यातच धरते.

* * *

नवीन अधीक्षिका मॅडम सांगलीकडच्या. मनानं फार चांगल्या, आणि सगळं वहीत लिहून ठेवायची सवय. पहिल्याच दिवशी आत आल्या, कोण कुठली ते लिहायला. बुधरीच्या गावापाशी पेन थांबलं.

"इरुकनार? किती सुंदर नाव. कोणी देखणी नार होऊन गेली असेल ना त्या गावात?"

मी मान डोलावली. मला खरंच इतकी वर्षं तसंच वाटत होतं.

राजक्का भाताच्या गंजापाशी उभी होती. ती म्हणाली, "नार कुठची मॅडम? आमच्या तेलुगूत नार म्हणजे झाडाच्या सालीचा धागा. त्याची दोरी वळतात. आणि इरुकु म्हणजे अरुंद. अरुंद जागेत दोरी वळणारे लोक राहत असतील. सरळ आहे."

मॅडमनी तेही लिहून घेतलं. तेवढ्यात गुरनुले बाबू चहाला आले. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि सांगितलं, "इरुक हा इंग्रजाच्या काळातला कोणी एरिकसाहेब असन. जंगलखात्यात असे लय साहेब होते."

एरिकसाहेबही वहीत गेले. मग मॅडमना आठवण झाली. त्यांनी विचारलं, "बुधरीबाई, तुम्हाला काय वाटतं?"

बुधरी वरण ढवळत होती. ती म्हणाली, "मले काई वाटत नाई मॅडम. आमच्या गोंडीत इरुक म्हणजे मोह, नार म्हणजे गाव. मोहाचं गाव. झाडं उभी आहेत तिथी."

मॅडम म्हणाल्या, "मग मघाशीच का नाही सांगितलंत?"

"वरण लागून राह्यलं होतं. आन् तुमचं चांगलं चाललं होतं."

* * *

बुधरीची आई महिन्यातून एकदा डोळ्यांच्या औषधाला यायची आणि आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसायची. म्हातारीला गोंडीखेरीज एक शब्द येत नाही. डोळे अधू, पण बोटांनीच तांदळातला खडा ओळखायची. आम्हा तिघींहून भराभर निवडायची.

एक दिवस ती बुधरीशी बराच वेळ बोलली, आणि बुधरीनं हातातलं ताट खाली ठेवलं. आम्ही विचारलं तेव्हा समजलं.

बुधरीला एक थोरली बहीण आहे, जैनी. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी धानाच्या रोवण्याला गावातल्या बायांची टोळी चंद्रपूरकडे गेली होती, त्यात जैनीही होती. टोळी परत आली, जैनी आली नाही. तिकडच्या एका मुलाशी तिचं जुळलं आणि ती तिथेच राहिली. वडिलांना राग आला. घरात तिचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्यांनी सांगितलं, आणि ते होते तोवर कोणी घेतलं नाही. आता ते वारले होते. म्हातारी म्हणत होती, डोळे पुरते जायच्या आत जैनीला एकदा पाहायचं आहे.

राजक्का म्हणाली, "त्यात काय? जाऊ ना. गाव कोणतं?"

बुधरीनं आईला विचारलं. आईनं सांगितलं. बुधरी म्हणाली, "चिचेचं गाव म्हणते." चिच म्हणजे चिंच.

"तो झाला अर्थ. नाव सांग म्हणावं."

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. टोळीतल्या बायांनी घरी येऊन गोंडीत तेवढंच सांगितलं होतं. त्या गावाला तिकडचे लोक काय म्हणतात, ते त्यांनी सांगितलं नाही आणि वडिलांच्या धाकानं कोणी विचारलं नाही. त्या बायाही आता राहिल्या नव्हत्या.

राजक्का तांदळाचं ताट हलवत म्हणाली, "म्हणजे आपल्यापाशी अर्थ आहे, नाव नाई. मॅडमले बोलवा. त्यांच्या वहीत नावं आहेत, अर्थ नाई."

* * *

मॅडमना मात्र गावांच्या नावांचा नाद लागला तो लागलाच. त्यांनी गुरुजींना सांगून सहावीच्या मुलींना घरचा अभ्यास दिला: आपल्या गावाच्या नावाचा अर्थ शोधा आणि चित्र काढा. वसतिगृहातल्या मुली घरी कुणाला विचारणार? सगळ्या आमच्या दाराशी.

राजक्कानं लगेच दर लावला. एका अर्थाला लसणाचा एक गड्डा सोलायचा. त्या आठवड्यात आम्ही लसणाला हात लावला नाही.

सुनीता नावाची एक मुलगी होती, कोंडागुड्याची. ती आधी माझ्याकडे आली. मी म्हटलं, कोंडा म्हणजे धान भरडल्यावर निघतो तो. गड्डा सोलून झाला. मग ती राजक्काकडे गेली. राजक्का म्हणाली, "काईतरीच. कोंडा म्हणजे डोंगर." दुसरा गड्डा. मग बुधरीकडे. बुधरी म्हणाली, "कोंडा म्हणजे बैल वं." तिसरा गड्डा.

मी सुनीताला म्हटलं, "आता यातलं कोणतं खरं, ते गुरुजींना विचार."

ती म्हणाली, "मौशी, मी तीन गड्डे सोलले. एक काऊन लिहू?"

दुसऱ्या दिवशी तिचं चित्र पाहायला सगळी शाळा लोटली. डोंगर, डोंगरावर बैल, आणि बैल टोपल्यातला कोंडा खातो आहे. गुरुजींनी पैकीच्या पैकी मार्क दिले. ते चित्र अजून आमच्या कोठीच्या दाराला चिकटवलेलं आहे. वर तेलाचे डाग पडलेत, पण बैल दिसतो.

* * *

आरमोरीचा अर्थ मात्र कोणालाच सांगता येईना. मी राजक्काला विचारलं, बुधरीला विचारलं, गुरुजींना विचारलं.

शेवटी राजक्का म्हणाली, "तुझ्या गावाले अर्थच नाई. म्हणूनच तू एवढी समजावून सांगते."

* * *

राजक्काच्या भाचीचं गाव चिंतागुडा. तेलुगूत चिंता म्हणजे चिंच, म्हणजे साधं चिंचेचं खेडं. भाचीला देसाईगंजकडचं स्थळ आलं. मुलगा पसंत, मुलगी पसंत, पत्रिका छापायची बोलणी सुरू, आणि मुलाच्या आईनं गावाचं नाव ऐकलं.

"चिंतेच्या गावची पोरगी? ना बाई. घरात चिंता आणून ठेवायची का?"

इकडून समजावून झालं, तिकडून समजावून झालं. त्या बाई ऐकेनात. मग राजक्का स्वतः गेली. भांडायला नव्हे. दोन टोपल्या पिकलेली चिंच घेऊन गेली, त्यांच्या ओसरीवर ठेवली आणि म्हणाली, "बाई, आमच्या गावात ही एवढीच चिंता आहे. खाऊन पाहा."

लग्न झालं. आमच्या भागात सासरी सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. मूलवाली, सावलीवाली, नागभीडवाली. नवरासुद्धा तसंच म्हणतो, मग बाकीचे कशाला नावानं बोलावतात. तशी राजक्काची भाची झाली चिंतावाली.

आता त्याच सासूबाई आल्या-गेल्यापुढे सांगतात, "हे आमची चिंतावाली. हे आली आन् मी सुटली."

* * *

हा किस्सा ऐकून बुधरीनं दोन दिवस विचार केला आणि मग राजक्काला विचारलं, "अक्का, माह्या बहिणीचं गाव तेलुगू नावाचं तर नसन?"

राजक्का म्हणाली, "टोळी चंद्रपूरकडं गेली ना? मूल, सिंदेवाहीकडं तेलुगू नावाचं गाव कमीच. तिकडं चिच म्हणतात. बाबूले विचार."

गुरनुले बाबू नकाशा घेऊन बसले. चिचगाव, चिचखेडा, चिचटोला, चिचबोडी. चिंचा काय कमी आहेत का? मग त्यांनी ओळखीपाळखीनं एकेका गावच्या सरपंचाचा नंबर काढला आणि स्पीकर चालू करून आमच्यासमोर फोन लावायला सुरुवात केली. म्हातारी त्या दिवशी आली होती. फोनकडेच तोंड करून बसली.

चिचखेड्याचे सरपंच चांगले गृहस्थ वाटले. म्हणाले, "सांगा, कोणाचा पत्ता पाहिजे?"

"एक बाई आहे. जैनी."

"आडनाव?"

"सासरचं माहीत नाई."

"नवऱ्याचं नाव?"

"ते पण नाई."

मग सरपंचांनी विचारलं, "भाऊ, गाव तरी आमचंच आहे ना?"

बाबू म्हणाले, "तेच तर विचारून राह्यलो."

* * *

चारही गावांतून "जैनी नावाची कोणी नाई" असं उत्तर आलं. पण चिचगावचा फोन तेवढं म्हणून मध्येच कटला होता. म्हणून एका रविवारी बुधरी आणि मी खात्री करायला स्वतः गेलो. त्या गावात एकही चिंच नाही. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "होती. माह्या बापानं तोडली. त्याले कोणी सांगितलं नव्हतं का गावाचं नाव तिच्यावर आहे."

आम्ही गल्लोगल्ली जैनीला विचारत फिरलो. ऊन चढलं. बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या एका बाईनं आमची पाण्याची गुंडी भरून दिली आणि म्हणाली, "तुम्ही कवाच्या नाव विचारून राह्यल्या. सुनेचं नाव कोणाले ठाऊक राह्यते? माहेर सांगा, माहेर."

बुधरी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मी स्वतः वीस वर्षं सासरी आरमोरीवाली आहे, आणि मला हे सुचलं नव्हतं.

बुधरी म्हणाली, "इरुकनार."

बाईनं मान हलवली. चिचगावात इरुकनारवाली नव्हती. पण परतीच्या गाडीत बुधरी पहिल्यांदाच खिडकीबाहेर न पाहता माझ्याशी बोलत बसली.

* * *

सोमवारी गुरनुले बाबूंनी पुन्हा फोन लावले. म्हातारी औषधाला आली होती, उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत बसली होती. या वेळी इरुकनारवालीला विचारलं. चिचखेड्यात नाही. चिचटोल्यात नाही. चिचबोडीच्या सरपंचबाई म्हणाल्या, "असं गावच कधी आयकलं नाई भाऊ." बाबूंनी नकाशाची घडी केली. राजक्कानं तांदळाचं ताट पुन्हा पुढे ओढलं, तेव्हा मला वाटलं की संपलं.

बुधरी पोळ्या शेकत होती. तवा उतरवून ती बाबूंपाशी आली. म्हणाली, "बाबूजी, माही बहीण गप्प राहणारी नाई. नवीन गावात गेली असन तं पहिल्याच दिवशी सगळ्यायले सांगितलं असन, इरुक म्हणजे काय आन् नार म्हणजे काय. आपण नाई का त्याईच्या गावाले आपल्या भाषेत घेतलं? त्याईनं आपल्या गावाले त्याईच्या भाषेत घेतलं असन. मोहगाववाली विचारा."

बाबू म्हणाले, "मोहगाव तर भलतीकडेच आहे."

"विचारा तं."

बाबूंनी पुन्हा चिचबोडीला फोन लावला. "ताई, मघाचाच माणूस बोलतो. तुमच्या गावात मोहगाववाली आहे का कोणी?"

सरपंचबाई म्हणाल्या, "आहे ना. तळ्याच्या पाळीजवळ घर आहे तिचं. आत्ताच धान भरडून गेली. बोलावू का फोनवर?"

आम्ही सगळे बुधरीकडे पाहायला लागलो. ती आईजवळ जाऊन बसली, तिला गोंडीत सांगितलं. म्हातारीनं निवडलेल्या तांदळात हात घातला आणि तसाच ठेवला. मग काहीतरी म्हणाली.

बुधरी म्हणाली, "फोनवर नको म्हणते. पाह्यची आहे म्हणते, आयकायची नाई."

* * *

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. म्हातारी, बुधरी आणि सोबतीला मी. राजक्कानं तिघींना पुरेल असा दहीभात बांधून दिला, गुरनुले बाबूंनी कोणती गाडी कुठे बदलायची ते कागदावर लिहून दिलं. एटापल्लीहून गडचिरोली, गडचिरोलीहून मूल, मूलहून पुढे.

म्हातारी आयुष्यात एवढ्या लांब कधी गेली नव्हती. खिडकीपाशी बसली, पण बाहेर तिला फारसं दिसत नव्हतंच. आष्टीच्या अलीकडे तिनं बुधरीला काहीतरी विचारलं. गडचिरोलीच्या स्टँडवर पुन्हा तेच विचारलं. मूलचं स्टँड सुटलं, तेव्हा पुन्हा. मला गोंडी येत नाही, पण एकच वाक्य तीनदा ऐकलं की कळतं ते एकच आहे म्हणून. मी विचारलं, "काय म्हणते गं?"

बुधरी म्हणाली, "जैनीले गोंडी येत असन ना अजून, म्हणते. नाई तं आम्ही बोलू कशा?"

"मग तू काय सांगितलं?"

"मी काय सांगू बाई?"

चिचबोडीला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. सरपंचबाईंनी घर सांगितलेलंच होतं. तळ्याच्या पाळीनं चालत गेलो. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे भारे होते. मी मागे राहिले. आपण परकी, आपण जरा लांबच असावं असं मला वाटलं. बुधरीनं आईचा हात धरला होता.

कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण. अंगणात एक बाई आमच्याकडे तोंड करून उभी होती, सुपानं धान वारवत होती. पुढचे केस पांढरे झालेले. धुळीसाठी तोंडावर पदर. बुधरीनं तिला ओळखलं; तिथेच तिची पावलं थांबली. तिनं आईच्या कानात सांगितलं.

म्हातारीनं बुधरीचा हात सोडला. दोन पावलं एकटीच पुढे गेली आणि हाक मारली.

"जैनी."

बाईचं सूप थांबलं. तिनं तोंडावरचा पदर काढला, आमच्याकडे पाहिलं, आणि मग मान वळवून मागे घराकडे पाहिलं, कोणाला हाक मारली म्हणून.

दारात कोणी नव्हतं.